दंतचक्र आणि साखळी

दंतचक्र म्हणजे ज्याच्या कडेवर सारख्या आकाराचे दात सारख्या अंतराने पाडलेले असतात असे चाक. व्यवहारात त्यास दातेरी चाक किंवा गिअर म्हणतात. दोन दंतचक्रांचे दात परस्परांत अडकले की एका चाकाचे फिरणे दुसऱ्यास मिळते. चाके एकमेकांपासून दूर असल्यास त्यांच्यावरून कड्यांची साखळी फिरवून हेच कार्य साधता येते. साखळीसाठी घडवलेल्या दातेरी चाकास साखळीचक्र म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला स्प्रॉकेट हे नाव रूढ आहे.

सायकल, मोटारसायकल, घड्याळ, कडबाकुट्टी, पेरणीयंत्र, उसाचा चरक, ट्रॅक्टर आणि साखर कारखान्यातील गिरण्या या सर्वांचे चालणे दंतचक्रांवर किंवा साखळीवर अवलंबून असते. पिठाच्या गिरणीचा पट्टा जादा भार पडला की घसरतो. दात मात्र घसरत नाहीत. या एका गुणामुळे यंत्राचा वेग नेमका ठरवता येतो. त्याच गुणामुळे दातांत सापडलेले बोट, पदर किंवा केस सुटत नाहीत. म्हणून या यंत्रभागांच्या उपयोगाबरोबर त्यांच्या धोक्यांची माहितीही आवश्यक ठरते.

स्वरूप व संज्ञा

परस्परांत अडकलेल्या दोन चाकांपैकी जे फिरवते ते चालक चक्र व जे फिरवले जाते ते चालित चक्र होय. जोडीतील लहान चाकास पिनियन म्हणतात. चाक ज्या दांड्यावर बसवलेले असते तो आस. एका दाताच्या मध्यापासून शेजारच्या दाताच्या मध्यापर्यंतच्या अंतरास दंतांतर किंवा पिच म्हणतात. दंतांतर समान असल्याखेरीज दोन चाकांचे दात एकमेकांत बसत नाहीत. म्हणून एका यंत्राचे चाक केवळ आकाराने सारखे दिसते एवढ्यावरून दुसऱ्या यंत्रास चालत नाही.

कार्यतत्त्व

दातांचे गुणोत्तर

चालक चक्राचा एक दात पुढे सरकला की चालित चक्राचाही एकच दात पुढे सरकतो. त्यामुळे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांचे प्रमाण केवळ दातांच्या संख्येवर ठरते. १५ दातांचे चाक ६० दातांच्या चाकास फिरवीत असेल, तर लहान चाकाच्या ४ फेऱ्यांत मोठ्या चाकाची एक फेरी पूर्ण होते. चाकाचा व्यास न मोजता केवळ दात मोजून हे गुणोत्तर काढता येते. शाळेतील विद्यार्थ्यांना सायकल उलटी उभी करून ते स्वतः पडताळता येईल.

अनेक जोड्या एकापुढे एक असल्यास त्यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार करावा लागतो. पहिली जोडी वेग ५ पट कमी करीत असेल व दुसरीही ५ पट कमी करीत असेल, तर अखेरचा वेग २५ पट कमी होतो. याच युक्तीमुळे मोठी घट लहान पेटीत सामावता येते.

बल आणि वेग

वेग कमी झाला की फिरवण्याचा जोर वाढतो. या जोरास यामिकीत परिबल म्हणतात. वेग ४ पट कमी झाल्यास, घर्षणात होणारा तोटा सोडून, परिबल ४ पट होते. उलट वेग वाढवल्यास परिबल त्याच प्रमाणात घटते. दंतचक्र स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. ते वेग देऊन जोर घेते किंवा जोर देऊन वेग घेते. चांगल्या बनावटीच्या व वंगण दिलेल्या दंतचक्रांच्या जोडीत किंवा साखळीत ऊर्जेचा फक्त काही टक्के भाग घर्षणात जातो.

फिरण्याची दिशा

बाहेरून अडकलेली दोन चाके नेहमी परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. त्यांच्यामध्ये तिसरे चाक बसवल्यास पहिले व शेवटचे चाक एकाच दिशेने फिरते. या मधल्या चाकाच्या दातांची संख्या कितीही असली तरी गुणोत्तर बदलत नाही. बदलते ती फक्त दिशा. वाहनांतील मागे जाण्याच्या गिअरमध्ये सर्वसाधारणपणे असेच एक जादा चाक मध्ये येते. साखळीने जोडलेली दोन चाके मात्र एकाच दिशेने फिरतात.

दाताचा आकार

दात वरवर त्रिकोणी किंवा चौकोनी वाटला तरी आधुनिक दंतचक्राच्या दाताची बाजू विशिष्ट रीतीने वळलेली असते. वर्तुळाकार डबीवर गुंडाळलेला दोरा ताणून धरून उलगडत नेला, तर त्याच्या टोकाने जो वक्र रेखला जाईल तोच बहुतेक दातांचा वक्र असतो. त्यास इन्व्होल्यूट म्हणतात. दंतचक्रासाठी हा वक्र वापरण्याचा विचार अठराव्या शतकात गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी मांडला. या आकारामुळे एका दाताकडून दुसऱ्या दाताकडे भार जाताना वेगात धक्का बसत नाही. दोन आसांमधील अंतर किंचित कमीजास्त झाले तरीही गुणोत्तर कायम राहते.

प्रकार

सरळदाती चक्र: दात आसाला समांतर असतात. बनवण्यास सोपे, पण वेगात चालताना आवाज करणारे. चरक व साधी शेतीयंत्रे यांत हाच प्रकार आढळतो.

तिरपेदाती चक्र: दात तिरपे असल्यामुळे एक दात सुटण्यापूर्वी पुढचा अडकलेला असतो. चाल शांत व सलग राहते. मोटारींच्या गिअरपेटीत यांचा उपयोग होतो.

शंक्वाकार चक्र: परस्परांशी काटकोनात असलेल्या आसांना जोडते. ट्रॅक्टरच्या मागील धुरीत इंजिनाची लांबीच्या दिशेने आलेली फिरकी चाकांकडे आडवी वळवण्याचे काम हा प्रकार करतो.

मळसूत्री चक्र: स्क्रूसारखे आटे असलेला दांडा दंतचक्रास फिरवतो. एकेरी आट्याच्या दांड्याच्या एका फेरीत चाकाचा एकच दात पुढे जातो. त्यामुळे एकाच जोडीत फार मोठी घट मिळते, मात्र घर्षणही अधिक होते.

दातेरी पट्टी व पिनियन: फिरण्याचे रूपांतर सरळ सरकण्यात करते. मोटारीचे सुकाणू, गोल तबकडीचा तराजू व सरकते फाटक ही परिचित उदाहरणे होत. तमिळनाडूतील निलगिरी पर्वतीय रेल्वेच्या तीव्र चढावर रुळांच्या मध्ये अशी दातेरी पट्टी बसवलेली आहे. नेरळ–माथेरान रेल्वे मात्र अशा पट्टीविना, नागमोडी वळणांच्या आधारे चढते.

खटक्याचे चक्र: दात एका बाजूस कललेले असतात. खटका चाकाला एकाच दिशेने फिरू देतो किंवा एकाच दिशेने ओढतो. सायकलच्या फ्रीव्हीलमधून येणारा टिकटिक आवाज या खटक्यांचा असतो.

साखळी

सायकल व मोटारसायकल यांवरील साखळीस रोलर साखळी म्हणतात. तिच्या प्रत्येक सांध्यात बाजूच्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनेभोवतीची नळी (बुश) आणि नळीवर सैल फिरणारा रोलर हे भाग असतात. रोलर साखळीचक्राच्या दातावर घासत नाही, तर लोळत बसतो. त्यामुळे झीज कमी होते. सायकलच्या साखळीचे दंतांतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते.

साखळी, पट्टा व दंतचक्र यांची कार्ये मिळतीजुळती असली तरी क्षेत्रे भिन्न आहेत. आस जवळ असल्यास दंतचक्रे सोयीची ठरतात. आस दूर असून वेगाचे प्रमाण नेमके राखायचे असल्यास साखळी वापरतात. थोडी घसरण चालण्यासारखी असेल, किंवा अडथळा आल्यास यंत्र मोडण्यापेक्षा घसरणे इष्ट असेल, तेथे पट्टा उपयोगी पडतो.

साखळी साखळीचक्रावर वर्तुळात वळत नाही, तर कड्याकड्याने, बहुभुजाच्या बाजूंप्रमाणे वळते. चाकाचे दात फार कमी असल्यास तिच्या वेगात सूक्ष्म चढउतार होऊन कंप जाणवतो. म्हणून साखळीचक्र अतिशय लहान करणे टाळतात.

वजन उचलण्याच्या साखळीची रचना वेगळी असते. गॅरेजमध्ये इंजिन उचलण्यासाठी टांगलेल्या ‘चेनपुली’त गोल कड्यांची साखळी खाचांच्या चाकात बसते. हाताने ओढलेल्या साखळीचा वेग आतील दंतचक्रे कमी करतात. माणूस पुष्कळ लांबीची साखळी ओढतो तेव्हा ओझे थोडेसेच वर येते. पण त्यामुळेच एकटा माणूस ते उचलू शकतो.

इतिहास

प्राचीन काळातील दंतचक्रांचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे अँटिकिथेरा यंत्र होय. ग्रीसजवळील समुद्रात बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांतून ते १९०१ मध्ये वर काढण्यात आले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यंत्राची किमान ३० कांस्य दंतचक्रे शिल्लक आहेत. सूर्य व चंद्र यांच्या गतींचे गणित करण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. चीनमध्ये अकराव्या शतकाच्या अखेरीस सू सुंग यांनी उभारलेल्या ज्योतिषीय घड्याळाच्या मनोऱ्यात शक्ती वाहून नेणारी अखंड साखळी होती.

भारतात कापसातील सरकी वेगळी करणाऱ्या लाकडी हातयंत्रात मळसूत्री दातांचा वापर मध्ययुगापासून आढळतो. त्यातील दोन रुळांच्या टोकांशी आटे कोरलेले असून एक रूळ फिरवला की दुसरा उलट दिशेने फिरतो. विहिरीवरील रहाट हे दुसरे उदाहरण होय. बैल गोल फिरून आडवे दातेरी चाक फिरवतात, ते उभ्या चाकास फिरवते व त्यावरील गाडग्यांची माळ पाणी वर आणते. ही माळ म्हणजे एका अर्थी साखळीच आहे. देशावर पूर्वी मोटेचे प्राबल्य होते. कोकणातील बागायतीत रहाट अधिक प्रचलित होता. ‘रहाटगाडगे’ हा शब्द न संपणाऱ्या नित्यक्रमासाठी मराठीत रूढ झाला, तो या यंत्रावरूनच.

आधुनिक रोलर साखळीचे श्रेय इंग्लंडमधील मँचेस्टर येथे काम करणारे हान्स रेनॉल्ड यांना दिले जाते. त्यांनी १८८० मध्ये नळी व रोलर असलेली साखळी सिद्ध केली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही मागील चाक साखळीने फिरवणारी सायकल आणली. त्यापूर्वीच्या उंच सायकलींत पायटे थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. त्यामुळे वेग हवा असल्यास चाक प्रचंड मोठे करावे लागे. साखळीमुळे चाकाचा आकार न वाढवता वेग वाढवता आला आणि सायकल सर्वसामान्यांना चालवण्याजोगी झाली.

महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा आरंभही सायकलीशी निगडित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनवण्यास प्रारंभ केला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवण्यात आली. शेतकऱ्याच्या परिचयाच्या कामाला लोखंडी यंत्राची जोड देणे हे या उद्योगाचे वैशिष्ट्य होते. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे साखर कारखान्यांची यंत्रे व मोठ्या गिअरपेट्या तयार होतात.

दैनंदिन यंत्रांतील उपयोग

सायकल

साध्या सायकलीचे पुढील साखळीचक्र ४८ दातांचे व मागील १८ दातांचे असल्यास पायट्याच्या एका फेरीत मागील चाकाच्या सुमारे २.६७ फेऱ्या होतात. मोठ्या चाकाच्या साध्या सायकलीचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. म्हणजे पायट्याच्या एका फेरीत सायकल जवळजवळ ५.९ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे प्रमाण सोयीचे असते.

पुण्याहून सासवडकडे जाताना लागणाऱ्या दिवे घाटासारख्या चढावर हेच प्रमाण जड होते. गिअरच्या सायकलीत साखळी पुढे २४ दातांवर व मागे ३२ दातांवर घेतली, तर तेवढ्याच चाकाची सायकल एका फेरीत सुमारे १.६५ मीटरच पुढे जाते. पायावरील भार त्या प्रमाणात हलका होतो. मात्र तोच घाट चढण्यासाठी पायटे साडेतीन पटींहून अधिक वेळा फिरवावे लागतात. श्रम नाहीसे होत नाहीत, ते लहान हप्त्यांत विभागले जातात.

मोटारसायकल, लूना व स्कूटर

मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला हजारो फेऱ्या करते. क्लचजवळील चाके, गिअरपेटी व मागील साखळी अशा तीन टप्प्यांत हा वेग कमी होतो. पुढील साखळीचक्र १४ दातांचे व मागील ४२ दातांचे असल्यास केवळ साखळीच्या टप्प्यात वेग ३ पट घटतो. पहिल्या गिअरमध्ये घट सर्वांत जास्त असल्याने उभी गाडी हलवण्याइतका जोर मिळतो.

१९७२ मध्ये आलेल्या लूना या मोपेडला सायकलसारखे पायटे व साखळी होती. त्याच काळातील बजाज चेतक स्कूटरमध्ये इंजिन मागील चाकाशेजारी असून बंद पेटीतील दंतचक्रेच चाकास फिरवीत. उघडी साखळी नव्हती. आजच्या बहुतेक स्कूटरमध्ये रबरी पट्टा व त्यापुढे दंतचक्रांची एक बंद पेटी असते.

घड्याळ

तासकाटा मिनिटकाट्यापेक्षा १२ पट हळू फिरावा लागतो. काट्यांमागे दंतचक्रांच्या दोन जोड्या असतात; एक वेग ३ पट व दुसरी ४ पट कमी करते, आणि ३ × ४ = १२ हे प्रमाण साधते. पट्टा वापरल्यास त्याची अल्पशी घसरणही काही दिवसांत वेळ चुकवील. दात घसरत नाहीत म्हणूनच दोन्ही काट्यांचा मेळ वर्षानुवर्षे टिकतो.

शेतीची यंत्रे

दौंड तालुक्यातील भांडगाव हे गाव पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर यवतजवळ वसलेले आहे. खडकवासल्याहून इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याच्या पाण्यामुळे दौंड तालुक्याच्या या पट्ट्यात ऊस हे प्रमुख पीक झाले. अशा बागायती भागात शेतापासून गुळाच्या ढेपेपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक कामात दंतचक्र किंवा साखळी आढळते.

पेरणीयंत्रात जमिनीवर फिरणारे चाक साखळीच्या साहाय्याने बियाणे सोडणारी चकती फिरवते. यंत्र हळू चालो वा जलद, ठरावीक अंतर कापल्यावर ठरावीक बीच पडते. अनेक यंत्रांत साखळीचक्र बदलून दोन बियांमधील अंतर बदलता येते. दात मोजण्यात झालेली चूक येथे एकरी बियाण्यात मोजावी लागते.

कडबाकुट्टी यंत्रात मोठ्या चाकावर पाती बसवलेली असतात. त्याच आसावरील मळसूत्री आटे दंतचक्रांमार्फत वैरण आत ओढणाऱ्या दोन रुळांना सावकाश फिरवतात. पात्यांचा वेग व रुळांचा वेग यांच्या प्रमाणावर तुकड्याची लांबी ठरते. चाके बदलून वैरण बारीक किंवा जाड कापता येते.

ट्रॅक्टरमागील रोटाव्हेटरच्या बाजूच्या बंद पेटीत साखळी किंवा दंतचक्रांची रांग असते. तिच्यामार्फत पाती बसवलेला आडवा दांडा फिरतो.

उसाचा चरक

दौंड तालुका गुऱ्हाळांसाठीही ओळखला जातो. गुऱ्हाळात उसाचा रस काढणाऱ्या यंत्रास चरक म्हणतात. बैलांच्या जुन्या चरकात तीन उभ्या लाटा (रूळ) असत. मधल्या लाटेस लांब दांडा जोडून बैल गोल फिरवीत. लाटांच्या माथ्यावरील दंतचक्रे परस्परांत अडकलेली असल्याने मधल्या लाटेबरोबर बाजूच्या दोन लाटा तेवढ्याच वेगाने, पण उलट दिशेने फिरत आणि ऊस आत ओढला जाई.

विजेच्या किंवा डिझेल इंजिनाच्या चरकात लाटा आडव्या असतात. त्याचे गणित उदाहरणादाखल असे मांडता येईल. मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्या करते. पट्टा हा वेग ४ पट कमी करून ३६० वर आणतो. १५ दातांचे पिनियन ७५ दातांच्या चाकास फिरवते, तेव्हा वेग ७२ होतो. तशीच दुसरी जोडी तो १४.४ वर आणते. एकूण घट १०० पट झाली. म्हणून घर्षणाचा तोटा वजा जाता लाटेवरील परिबल मोटरच्या सुमारे १०० पट होते. हातात न मोडणारे उसाचे कांडे त्यामुळेच चिपाड होऊन बाहेर पडते.

रसवंतीगृहातील चरक ही याच यंत्राची लहान आवृत्ती होय. त्याच्या चाकास बांधलेल्या घुंगरांचा आवाज हे महाराष्ट्रातील रसवंतीचे ओळखचिन्ह बनले आहे. येथे दंतचक्रांवर झाकण असण्याचे आणखी एक कारण आहे: दातांचे वंगण रसात मिसळता कामा नये.

साखर कारखाना

दौंड तालुक्यात पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यांत ऊस गिरणीकडे नेण्यासाठी रुंद पट्ट्या बसवलेल्या जाड साखळ्यांचा वाहक वापरतात. गिरणीच्या लाटांच्या टोकांशी असलेली मोठी दंतचक्रे सर्व लाटांना एकत्र फिरवतात. वाफेचे टर्बाइन मिनिटाला हजारो फेऱ्या करते, तर लाटा साधारण ४ ते ६ फेऱ्याच करतात. मधली सारी घट गिअरपेट्या घडवून आणतात.

निगा व झीज

दंतचक्र व साखळी यांचे आयुष्य वंगण, स्वच्छता आणि योग्य ताण यांवर अवलंबून असते. धूळ वंगणात मिसळली की ती घासकागदासारखे काम करते. म्हणून आधी स्वच्छता व नंतर तेल हा क्रम योग्य होय.

जुनी साखळी ‘ताणली’ असे म्हटले जाते. वस्तुतः तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. पिना व नळ्या झिजून प्रत्येक सांध्यात किंचित ढिलेपणा येतो व त्या सर्वांची बेरीज लांबीत दिसते. सायकलच्या नव्या साखळीच्या २४ कड्यांची लांबी १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. ती १/८ इंचाने वाढली, तर सुमारे १ टक्का झीज झाली असे समजून साखळी बदलावी. झिजलेली साखळी तशीच वापरल्यास दातांचे आकडे होतात आणि पुढे नवी साखळीही त्यांवर नीट बसत नाही. मोटारसायकलची साखळी व दोन्ही साखळीचक्रे एकत्र बदलण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे.

दोन चाकांच्या दातांच्या संख्यांना सामाईक विभाजक नसल्यास झीज सर्वत्र समान होते. १५ व ३० दातांच्या जोडीत लहान चाकाचा प्रत्येक दात पुन्हापुन्हा त्याच दोन दातांना भेटतो. १५ व ३१ दातांच्या जोडीत मात्र प्रत्येक दात पाळीपाळीने समोरच्या चाकाच्या सर्व दातांना भेटतो. एखादा दात सदोष असला तरी त्याचा त्रास एकाच जागी साठत नाही.

धोके व सुरक्षितता

हळू फिरणारे यंत्र निरुपद्रवी असते, ही समजूत चुकीची आहे. वर दिलेल्या चरकातील लाटेचा व्यास २५ सेंटिमीटर धरल्यास तिचा परीघ सुमारे ७८.५ सेंटिमीटर होतो. मिनिटाला १४.४ फेऱ्या म्हणजे पृष्ठभाग सेकंदाला जवळजवळ १९ सेंटिमीटर आत सरकतो. बोटे सापडल्यापासून अडीच सेकंदांच्या आत हात कोपरापर्यंत ओढला जाऊ शकतो. एवढ्या अवधीत दुसऱ्या माणसाने आरडाओरडा ऐकून बटणापर्यंत पोहोचणेही कठीण असते. वेग जितका कमी केलेला, तितका जोर वाढलेला असतो. त्यामुळे माणसाच्या ताकदीने लाट थांबत नाही.

अपघात बहुधा ठरावीक प्रसंगी घडतात: शेवटचे कांडे किंवा वैरणीची पेंढी हाताने आत ढकलताना, अडकलेले चिपाड यंत्र चालू ठेवून काढताना, चालू साखळीला तेल देताना किंवा ती फडक्याने पुसताना. मोटारसायकलची साखळी इंजिन चालू ठेवून पुसणे विशेष घातक आहे. फडके साखळीबरोबर ओढले जाते व बोटे साखळीचक्राखाली जातात. इंजिन बंद करून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागील चाक हाताने सावकाश फिरवत ही स्वच्छता करावी. तेव्हाही बोटे साखळीचक्रापासून दूर ठेवावीत.

सैल कपडे, पदर, ओढणी, मफलर व मोकळे केस यांचा धोका तेवढाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमानुसार मोटारसायकलच्या मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन आवश्यक आहे. मागे बसलेल्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत, हा त्याचा हेतू होय. व्यवहारात त्यास साडीगार्ड म्हणतात. गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकणे धोक्याचे व नियमाविरुद्ध आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांच्या धोकादायक भागांना आच्छादन घालणे बंधनकारक केले. मळणीयंत्रांवरील अपघातांच्या संदर्भात धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ करण्यात आला. कारखान्यांचा कायदा कामगारांच्या ठरावीक संख्येवरील आस्थापनांसाठी होता. दोन-तीन माणसांवर चालणारी रसवंती किंवा घरच्या गोठ्यातील कडबाकुट्टी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. तेथे आच्छादन बसवणे बहुतांशी मालकाच्या जाणिवेवर अवलंबून असते.

अशा लहान यंत्रांवर पुढील गोष्टी असाव्यात:

उघड्या दंतचक्रांवर व साखळीवर पत्र्याचे किंवा जाळीचे घट्ट झाकण.

ऊस अथवा वैरण सरकवण्यासाठी हाताच्या लांबीपेक्षा मोठी पन्हळ. शेवटचा तुकडा ढकलण्यासाठी लाकडी दांडका.

काम करणाऱ्याच्या हाताशी, बसल्या जागेवरून पोहोचेल असे बंद करण्याचे बटण.

शक्य असल्यास लाटा उलट फिरवण्याची सोय.

लहान मुलांना यंत्राजवळ येऊ न देण्याची दक्षता. झोप अनावर झाली असता किंवा अपुऱ्या उजेडात काम न करण्याचा नियम.

अपघात झाल्यास प्रथम वीज किंवा इंजिन बंद करावे. अडकलेला हात ओढू नये. रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोट तुटून वेगळे झाले असल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे. ही पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णासोबत न्यावी. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नये; त्यामुळे पेशींची हानी होऊन तो पुन्हा जोडण्याची शक्यता कमी होते.

हेही पहा

साधी यंत्रे
सायकल
चरक
गुऱ्हाळ
कडबाकुट्टी यंत्र
रहाट
घर्षण
वंगण